शुक्रवारी अनवाणी

चामराजपेट, बेंगळूर
ता. ८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

चि. शिवलीला हिस आज्जीचा आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल. तूही खुशालच असणार, आजारी माणूस इतक्या उड्या मारत नाही.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. या घरात फोन एकट्याचा नसतो. तुझा फोन आला की तुझा बाप तो हॉलमध्ये टीपॉयवर ठेवून स्पीकर लावतो. मी एक शब्द बोलले की तो चार बोलतो, आणि तुझी आई आतून ओरडते, "जेवलीस का विचारा." म्हणून कागदावर लिहिते आणि फोटो काढून पाठवते. फोटोच्या कडेला जे काळं दिसतं तो माझा अंगठा आहे, घाबरू नकोस. चौथीपर्यंत जेवढे काने-मात्रे शिकले तेवढे घातलेत. कमी पडतील तिथे तू घाल.

दिवाळी झाली. तुझ्या आईच्या चकल्या मऊ पडल्या. ती म्हणते पीठ वाईट होतं. पीठ बिचारं उलट बोलत नाही, म्हणून सगळे त्यालाच नावं ठेवतात.

आता तुझ्या नाचाचं. कंपनीची सुट्टी काढून तू तिकडचे देश बघायला गेलीस, ते कळलं. पुढे कोलंबियात एका गावी थांबलीस ती थांबलीसच, आता कंपनीचं काम पण तिथूनच करतेस, ते नाही कळलं. गावाचं नाव काली म्हटल्यावर मी आधी हात जोडले होते. मग तुझी आई म्हणाली, "अत्ते, तिथे देऊळ नाही, नाचाची शाळा आहे." जोडलेले हात सोडले.

तू लिहितेस की साल्सा सगळीकडे शिकवतात, आपल्या इंदिरानगरात पण शिकवतात, पण या गावचा निराळा. इथे पाय भराभर पळतात, मधेच लाथ झाडल्यासारखं करतात, आणि वरचं अंग मात्र गप्प राहायला पाहिजे. ते तुला जमत नाही. पाय हलले की खांदे हलतात, म्हणून मास्तरीण ओरडते.

अगं, मग हे शिकायला समुद्र कशाला ओलांडलास? मी लग्न होऊन खानापूरकडून या शिंप्याच्या घरात आले तेव्हा मशीन पायाची होती. पायटा मारायला लागले की माझं सगळं अंग झुलायचं, आणि शिवण वाकडी जायची. सासूनं एक दिवस कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाली, "हा पडला की जेवण उशिरा." महिनाभर उशिरा जेवले. मग खडू पडायचा थांबला. पोटाच्या खाली पळायचं, पोटाच्या वर बसायचं, एवढंच असतं ते. तुझ्या मास्तरणीला सांग.

आता ज्या कामासाठी तुझ्या बापानं सकाळी स्वतः कॉफी करून आणून दिली ते लिहिते. देवनहळ्ळीचे नागराज आहेत ना, त्यांचा मुलगा. त्यांची द्राक्षाची बाग होती, आता तिथे लेआउट पडलंय, नुसते दगड पुरलेत आणि पाट्या. मुलगा शांत आहे. इतका शांत की चहा घेणार का विचारलं तर आईकडे बघतो. तरी घर बरं आहे, त्यांना तुझं शिक्षण चालतं, नोकरी चालते. धनुर्मास लागायच्या आत तू येऊन एकदा समोर बसलीस की पुढचं जानेवारीत ठरवू म्हणतात. धनुर्मासात असली बोलणी कुणी करत नाही. तू म्हणतेस, नाताळात तिथे मोठी जत्रा असते, त्यात शाळेचा नाच आहे, तो झाल्याशिवाय येणार नाही. जत्रा दरवर्षी भरते गं. स्थळ भरत नाही.

बापाचं सोड. मला पण वाटतं तू यावंस. लिहिलं, झालं.

व्हिडिओ कॉलवर माझ्या पायाला पट्टी दिसली म्हणून विचारलंस. नवी चप्पल चावली. लोक माणसाचं तोंड बघतात, तू पाय बघायला लागलीस. शाळेचा परिणाम.

उठते. शुक्रवार आहे, देवीला जायचंय.

तुझी आज्जी,
चंद्राबाई


चामराजपेट
ता. २२ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. शिवलीलास आशीर्वाद.

तुझं उत्तर वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा नुसता राग आला.

खडूचं वाचून हसले ते आधी सांगते. तू खांद्यावर खडू ठेवलास, तो पडला, मास्तरणीनं विचारलं हे काय, आणि मग वर्गातल्या सगळ्यांच्या खांद्यावर एकेक ठेवला. माझी सासू जन्मात कधी म्हैसूरला गेली नाही. कोलंबियात पोचली.

बाकीचं वाचून हसू आलं नाही. "आज्जी, लग्न नको असं नाही, पण हे अर्धं टाकून कुणाच्या समोर येऊन बसणार नाही. नाही म्हणजे नाही." तुझ्या बापाला वाचून दाखवलं नाही, त्याचा बीपी वाढतो. मी मात्र दिवसभर तो 'नाही' तोंडात घोळवत बसले. या घरात बायका नाही म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात. तुझी आई तीस वर्षं बघू म्हणतेय, मी पन्नास वर्षं म्हटलं. बघता बघता सगळं त्यांच्या मनासारखं होतं, आणि आपण काही बोललो नव्हतो एवढं आपल्याकडे उरतं. तू कुठून शिकलीस? त्या शाळेत शिकवत असतील तर फी बरोबर आहे.

तरी सांगते, उर्मटपणा आहे. आज्जीला असं लिहितात का?

आज शुक्रवार आणि मी घरात. ऑगस्टपासून पहिल्यांदा देवी चुकली. डॉक्टर म्हणतो पाय जमिनीला टेकवू नका. उद्या दवाखान्यात जाऊन साफ करून घ्यायचंय, किरकोळ आहे, स्वल्प दिवस ठेवून घेतील. तिथे पडून छताकडे किती बघायचं? तुझ्या नाचाचा नवा व्हिडिओ पाठव. तोंड दाखवू नकोस, ते मला पाठ आहे. फक्त पाय.

जास्त काय लिहू. राग आहे अजून.

आज्जी


चामराजपेट
ता. ६ डिसेंबर, शुक्रवार

शिवलीला,

बुधवारचं तिकीट रद्द कर. आशीर्वाद वगैरे नंतर. आधी ते कर, मग पुढचं वाच.

केलंस? केलं नसणार, मला माहीत आहे. तर मग वाच.

तुझ्या बापानं तुला फोनवर सांगितलं की आज्जीचा पाय कापला. पाय कापला म्हणे! डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एवढंच काढलं. बाकी पाय जागेवर आहे, मी अजून त्यावर उभी राहून तुझ्या आईला शिव्या देऊ शकते. मी त्याला शपथ घातली होती, तुला कळवायचं नाही. त्यानं शपथ मोडली, आणि बोटं मोजून सांगायची सोडून पूर्ण पायच सांगून टाकला. काल विचारलं त्याला.

"दया, खोटं का बोललास?"

"खोटं कुठे? बोटं पायालाच होती ना."

"तिनं नाच सोडला. मास्तरीण तिच्या जागी दुसरी पोर उभी करणार, सोमवारपर्यंत थांबेल म्हणते."

"मग येऊ दे की. तुला पण तेच पाहिजे होतं. नवस कुणी केला होता? मी?"

पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याच्यापुढे गप्प बसले, तर तोच घाबरला, पाणी आणून दिलं.

तुला नवसाचं माहीत नाही. सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं पण नव्हतं.

ऑगस्टात तू कळवलंस की येत नाही, तिकडेच मुक्काम वाढवला. त्या शुक्रवारी मी अंबाभवानीपुढे उभी राहिले आणि बोलले, आई, पोरीचं ते नाचाचं वेड उतरव, तिला घरी आण. ती उंबऱ्यात येईपर्यंत दर शुक्रवारी मी अनवाणी चालत येईन. आपल्याकडे नवस असाच बोलतात. आपण थोडा त्रास काढायचा आणि देवीनं दुसऱ्याचं मन फिरवायचं. दुसऱ्याला विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नाही. देवळात घंटा वाजवून मागितलं आणि घरी येऊन निवांत जेवले.

शुगर आहे, अनवाणी फिरायचं नाही, हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगतोय. पण देवळात जायला चप्पल घालतात का? आणि नवसाला तर नाहीच नाही. मार्केटच्या बाजूनं जायचं, तो रस्ता तुला माहीत आहे, त्यावर काय नसतं? मला काही टोचलं नाही. म्हणजे टोचलं, कळलं नाही. नवरात्रातल्या शुक्रवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. दर्शन घेऊन मागे वळले तर फरशीवर लाल ठसे. मी पुजारीअय्याला म्हटलं, "अय्या, कुणीतरी कुंकू सांडलंय, पुसून घ्या, पोरं घसरतील." तो बघायला लागला. तुझी आई बघायला लागली. मग ती खाली वाकली आणि म्हणाली, "अत्ते, पाय वर करा."

काय लागलं होतं ते आज पण माहीत नाही. काच असेल, खिळा असेल.

शहाणी बाई असती तर तिथे थांबली असती. मी पट्टी बांधून पुढच्या शुक्रवारी परत गेले. आणि त्याच्या पुढच्या. उलट मनात म्हटलं, रक्त पण घेतलं, आता देवीला द्यावंच लागेल. आणि तुला लिहिलं की चप्पल चावली. चप्पल घालत असते तर चावली असती.

तर शिवलीला, नवस पुरा होतोय. मी मागितलेलं सगळं देवीनं दिलं. तू येतेस, नाच सुटला, धनुर्मास लागायच्या आत येतेस, नागराजांकडची माणसं पण तयार आहेत. एक धागा इकडचा तिकडे नाही. तुझ्या बापानं गल्लीत दोघांना सांगितलं सुद्धा, देवीनं ऐकलं म्हणून. आणि मी खाटेवर पडून बघतेय की हे कसं दिलं! तुझं मन कुठे फिरवलंय तिनं? मन तिथेच आहे. तुला नुसती घाबरवून ओढून आणतेय, माझी बोटं दाखवून. लहान पोराला घरच्या कुणाचं तरी फुटलेलं डोकं दाखवून शाळेतून घरी आणतात तसं.

दवाखान्यात नर्स रोज सकाळी पायाला कापूस लावायची आणि विचारायची, "अज्जी, गोत्तागत्ता?" कळतं का? मी म्हणायची, नाही. मग दुसरीकडे लावायची. इथे? नाही. इथे? स्वल्प. एवढ्या वर्षांचा पाय, मशीन मारली, घर चालवलं, आणि त्याला कापूस कळत नाही. मग नर्स गेली की मी तुझा व्हिडिओ लावायची. आवाज बंद करून, शेजारच्या बाईला त्रास नको म्हणून. शेजारची बाई आनेकलची, बांगडीच्या कारखान्यात काम करणारी, ती उठून बसून बघायची. "एष्टु जोरागि!" म्हणायची, किती जोरात! मी तिला सांगितलं, जोराचं काही नाही, जोरानं शेळी पण पळते. तू पाय बघ, कुठे टेकतोय ते त्याला आधी माहीत असतं.

छान नाचतेस असं मी लिहिणार नाही. मला त्यातलं काही कळत नाही. पण शिवण सरळ आहे की वाकडी ते कळतं. पहिल्या व्हिडिओत तुझी वाकडी होती, आणि आता नाही.

आज सकाळी तुझ्या आईला म्हटलं, रिक्षा बोलाव, देवीला जायचंय. ती म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय..." मी म्हटलं, "डॉक्टरांनी दिलेला बूट घालून जाईन." आणि गेले. पट्टीवरून घालायचा मोठा निळा बूट आहे, भांडं घातल्यासारखा दिसतो. बुटासकट दारापर्यंत गेले, आत गेले नाही. पुजारी बाहेर आला.

मी म्हटलं, "अय्या, ऑगस्टातला माझा नवस परत घ्यायचाय."

तो म्हणाला, "आज्जी, नवस परत घेत नाहीत. फेडतात. पुरा होत आलाय म्हणे, दयानंदअण्णा सांगत होते. मुलगी येतेय. आता ओटी भरायची, पाच सवाष्णी जेवायला घालायच्या."

"मला नको ते."

"नको म्हणजे? मागितलं तुम्हीच."

"आमच्या दुकानात ब्लाउज शिवायला टाकलेली बाई दुसऱ्या दिवशी येऊन म्हणते, राहू दे, नको. आम्ही कापड परत देतो."

"कापलं नसेल तर देता."

आणि त्यानं माझ्या बुटाकडे बघितलं. मेला हुशार आहे. तुझी आई तोंड फिरवून उभी राहिली, हसली की रडली ते दिसलं नाही.

मी म्हटलं, "कापलंय ते माझं. पोरीचं अजून कापलेलं नाही. ते परत दे म्हणावं तिला."

तो आत गेला, देवीसमोर जरा वेळ उभा राहिला, परत आला आणि नेहमीसारखं तीर्थ दिलं, फूल दिलं. याचा अर्थ काय ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दाराच्या बाहेरून मीच देवीला म्हटलं, जे मागितलं ते देऊ नकोस. माझी बोटं राहू देत तुझ्याकडे, त्याचा हिशोब नको. पण पोरीला सोड.

घरी येताना तुझी आई रिक्षात म्हणाली, "अत्ते, तिला यायचंच असेल तर?" तुझी आई बोलत नाही, पण बोलली की मधोमध बोलते.

तर त्यासाठी हे पत्र. जे तुला विचारायला पाहिजे होतं ते मी तुझ्या पाठीमागे देवीला विचारलं. देवी 'नाही' म्हणत नाही. तू म्हणतेस, म्हणून तुला विचारायला भीती वाटली असेल. आता विचारते. मास्तरणीला आजच फोन कर, तुझी जागा तुला ठेवायला सांग. जत्रेत नाच. तो झाल्यावर, तुला वाटलं तर, मला बघायला ये. नागराजांकडे काय सांगायचं ते तुझं तू सांग, तुझ्या बापाला मी सांभाळते, त्याच्या बीपीसकट. मला तुला बघावंसं वाटतंय हे खरं आहे, रोज वाटतं. या वेळी ते नवसात घातलं नाही आणि बोटांच्या हिशोबात पण धरलं नाही. नुसतं मागतेय. जमणार नसेल तर 'बघू' लिहू नकोस. सरळ नाही लिही, मी वाचेन.

घरच्या सगळ्यांचे आशीर्वाद. बापाचा पण आहे, तो तोंडानं देणार नाही, म्हणून मी लिहून टाकते.

आठ बोटांवर उभी, आणि उत्तराची वाट बघणारी,
तुझी आज्जी